शनिवारी रात्रीचा उपदेश

"मी आज काही तयारी करून आलेलो नाही. आत्मा सांगेल तसं बोलणार आहे." चर्चच्या व्यासपीठावरून हे वाक्य आलं की माझ्या पोटात गोळा येतो. मंडळी मात्र 'आमेन' म्हणतात, कारण या वाक्यात मोठी नम्रता आहे असं आपल्याला वाटतं. पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. उत्पत्तीपासून सुरुवात होते, मध्ये दावीद आणि गल्याथ येऊन जातात, वक्त्याच्या आजारपणाची साक्ष होते, तरुण पोरांना मोबाइलवरून चार शब्द ऐकावे लागतात, आणि 'शेवटी' हा शब्द तीनदा उच्चारून झाल्यावर प्रार्थना होते. ज्या उताऱ्याचा शास्त्रपाठ झाला होता तो पहिल्या पाच मिनिटांतच मागे राहिलेला असतो. त्याला घ्यायला कोणी परत जात नाही.

दीडशे माणसांची चाळीस मिनिटं म्हणजे शंभर तास होतात. रविवारी सकाळी इतका वेळ लोक आपल्या हातात ठेवतात, आणि आपण त्यांना सांगतो की काही तयारी केलेली नाही. स्वयंपाक न करता पंगत बसवण्यासारखं आहे हे.

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. इंदूरच्या एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळकसाहेब दुसऱ्या गावी प्रभुभोजनाचा विधी करायला जातात तेव्हा, महिना-दीड महिन्यातून एखादा रविवार माझ्या वाट्याला येतो. उपासना हिंदीत असते. आम्हा चार-पाच मराठी घरांची कॉटेज प्रार्थना मात्र आळीपाळीने कोणाच्या तरी घरी, मराठीत. आजोबा मिलच्या नोकरीसाठी नगरहून इकडे आले तेव्हा मराठी गीतांचं पुस्तक आणि पंडिता रमाबाईंनी भाषांतर केलेलं बायबल बरोबर घेऊन आले होते. त्यामुळे मी जे लिहितोय ते बाहेरून टीका करणाऱ्याचं नाही. यातली बहुतेक पापं मी स्वतः केलेली आहेत.

पहिलं पाप पहिल्याच उपदेशात केलं. इंटरनेटवरून एक अमेरिकन आराखडा उचलला. तीन मुद्दे, तिन्ही 'प'ने सुरू होणारे: प्रार्थना, परिश्रम, प्रतिफळ. शिवाय एक दृष्टान्त, वादळातल्या जहाजाचा आणि दीपगृहाचा. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी समुद्र पाहिलेला नव्हता. इंदूरकरांची नावेशी ओळख पिपलियापाल्याच्या तळ्यापुरती. लोक सभ्यपणे ऐकत राहिले. दारात हात मिळवताना सगळे म्हणाले, "छान झाला संदेश." बुधवारी मी तिघांना विचारलं की काय आठवतंय. एकाला जहाज आठवत होतं, एकाला तीन 'प' आठवत होते पण तिसरा कोणता ते नाही, आणि तिसऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं की त्या दिवशी पंखा बंद होता एवढंच लक्षात आहे. तेव्हापासून दारातली शाबासकी मी धरत नाही. बुधवारचं उत्तर धरतो.

आता तर फोनला सांगितलं की मिनिटभरात तो तीन मुद्दे, दोन दृष्टान्त आणि समारोपाची प्रार्थना काढून देतो. माझ्या त्या पहिल्या उपदेशापेक्षा ते बरंच असतं, हे मान्य करायला हवं. पण फोनला समोर बसलेली माणसं ठाऊक नसतात.

तयारी न करण्याला वचनाचा आधार देणारे मत्तयाचा दहावा अध्याय पुढे करतात. काय बोलावं याची काळजी करू नका, त्या घटकेला तुम्हाला ते सुचवलं जाईल, असं येशू सांगतो. सांगतो खरं, पण कोणाला आणि कधी? आधीची दोन-तीन वचनं वाचली तर कळतं की ज्यांना धरून न्यायसभांपुढे आणि अधिकाऱ्यांपुढे उभं करणार आहेत त्यांना दिलेला तो धीर आहे. आठवडाभर ज्यांना कोणी धरून नेलेलं नाही, रविवारची वेळ ज्यांना आधीपासून माहीत आहे, अशांसाठी तो नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी प्रेषित पौल कैदेत आहे, आपला अंत जवळ आल्याचं त्यानेच लिहिलं आहे, आणि तो मागतो काय? त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा, पुस्तकं, आणि विशेष करून चर्मपत्रं. मरणाच्या दारात ज्याला पुस्तकं हवी होती त्याच्या नावाने आपण पुस्तकं बाजूला ठेवतो.

याच बाबतीत सगळ्यात कडक बोल मला एका पोपच्या लेखनात सापडले. आम्ही घराण्याने प्रोटेस्टंट, तरी सांगतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये काढलेल्या प्रेरितिक बोधपत्रात उपदेश आणि त्याची तयारी यांवर पानंच्या पानं आहेत. तयारी न करणारा उपदेशक आध्यात्मिक ठरत नाही, तो अप्रामाणिक आणि मिळालेल्या दानांबाबत बेजबाबदार ठरतो, असं त्यांनी तिथे स्वच्छ म्हटलं आहे. २०२४ मध्ये त्यांनी मिस्सातल्या, म्हणजे कॅथलिक उपासनेतल्या, उपदेशाला आठ मिनिटांची मर्यादाही सांगितली.

आठ मिनिटांशी मी सहमत नाही. लांबी हा खरा दोष नव्हेच. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो आणि लोक उभे राहून ऐकतात. त्याच्यासाठी खास लाकडी मंच केलेला होता, म्हणजे सुताराचीसुद्धा तयारी होती. मंदिराची सेवा करणारे लेवी वाचलेल्याचा अर्थ फोड करून सांगत होते, आणि लोकांना समजलं असं तिथे लिहिलं आहे. समजलं म्हणून ते रडले. उलट त्रोवसात पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि युतुख नावाचा तरुण खिडकीत बसल्याबसल्या झोपून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. साक्षात पौलाच्या उपदेशात लोक झोपत, हा आमच्यासारख्यांना मोठाच दिलासा. फरक इतकाच की पडलेल्याला पौल उठवू शकत होता.

तयारी म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कमी आणि एका आत्यामुळे जास्त कळलं. मागच्या उन्हाळ्यात योहानाचा चौथा अध्याय माझ्या वाट्याला आला. येशूला भेटलेली शमरोनी स्त्री, याकोबाची विहीर, भर दुपार. या उताऱ्यावरचे जेवढे उपदेश मी ऐकले त्या सगळ्यांत त्या बाईच्या पाच नवऱ्यांचा पंचनामा होता. माझ्याही डोक्यात तोच साचा. सोमवारी उतारा वाचला, मंगळवारी पुन्हा वाचला, काही सुचेना. बुधवारी संध्याकाळी नात्यातल्या एका आत्याकडे गेलो आणि अध्याय तिला मोठ्याने वाचून दाखवला. तिची नजर आता अधू आहे, पण कान तल्लख.

इंदूरला पाण्याबद्दल कोणाला शिकवावं लागत नाही. माळव्यात 'डग डग रोटी, पग पग नीर' ही म्हण अजून म्हणतात, पण या शहराचं पाणी १९७८पासून नर्मदेवरून येतं. जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटर, घाटाच्या चढावरून पंपांनी वर ढकललेलं. बऱ्याच वस्त्यांत ते एक दिवसाआड येतं. टँकरच्या रांगेत आत्याची अर्धी हयात गेली. मी 'पाणी काढायला तुझ्याजवळ पोहरा नाही आणि विहीर तर खोल आहे' या अर्थाच्या वाक्यापाशी आलो तशी ती हसली. म्हणाली, "बरोबर बोलली. पाण्याच्या जागी बायका अशाच रोखठोक बोलतात." पुढे वाचत गेलो. बाई घागर तिथेच सोडून गावात जाते, या वचनावर आमचे सगळे उपदेशक सांगतात की येशूने देऊ केलेलं जिवंत पाणी मिळालं म्हणून तिने जुनी घागर टाकून दिली, जुनं जीवन सोडलं. आत्या म्हणाली, "घागर कोणी टाकून जातं का रे? त्याने पाणी मागितलं होतं ना सुरुवातीला? कुठे प्यायला तो अजून? त्याच्यासाठी ठेवून गेली असेल."

मी परत वाचलं. खरोखरच येशूने पाणी मागितलं आहे आणि ते त्याला मिळाल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. इतकी वर्षं तो तहानलेला बसला आहे आणि आमच्या लक्षात आलं नव्हतं.

घरी येऊन मिळतील ते टीकाग्रंथ चाळले. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ सोडणे, राहू देणे असा होतो, म्हणजे आत्याचं वाचन त्यात बसतं. ते एकमेव वाचन आहे असं मी म्हणणार नाही. तेच क्रियापद क्षमा करण्यासाठीही वापरतात हे दिसल्यावर माझ्या मनात एक झकास मुद्दा तयार झाला: घागर सोडणं म्हणजे क्षमा. गुरुवारची पूर्ण संध्याकाळ मी त्याच्यावर घालवली आणि शुक्रवारी सकाळी तो कागद फाडला. शब्दकोशातले सगळे अर्थ एका वाक्यात एकदम भरलेले नसतात. व्यासपीठावर ग्रीक शब्द उच्चारला की लोक माना डोलावतात, आणि त्या माना डोलावण्याची चटक फार वाईट.

रविवारी मी एकच गोष्ट सांगितली. ज्याने पाणी मागितलं त्याच्याशी बोलण्यात बाई घागर विसरली असेल किंवा त्याच्यासाठी ठेवून गेली असेल, पण त्या भेटीची सुरुवात देवाच्या तहानेपासून झाली आहे. येशू तिला आधी काही देत नाही, तिच्याकडे मागतो. ज्या बाईकडे गावात कोणी काही मागत नसेल तिच्याकडे. अठरा मिनिटं लागली. नवऱ्यांचा विषय एका वाक्यात आला आणि गेला. बुधवारी विचारलेल्या तिघांपैकी दोघांना घागर आठवत होती. तिसरी बाई म्हणाली की सोमवारी भांडी घासायला येणाऱ्या मावशींकडे तिने पहिल्यांदाच आपल्यासाठी चहा मागितला, दोघींसाठी करा म्हणून. उपदेशाचा एवढा मोठा परिणाम मी आयुष्यात पाहिलेला नाही, आणि यातली अर्धी कमाई आत्याची.

म्हणून माझं म्हणणं असं की उपदेश अभ्यासिकेत संपत असेल, पण तो सुरू ऐकणाऱ्यांच्या ओट्यावर व्हायला हवा. उतारा सोमवारी हातात घ्यावा आणि आठवडाभर तो घेऊन माणसांत फिरावं. आजाऱ्याच्या खाटेशी, दुकानात, ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या घरात. दृष्टान्त मग शोधावे लागत नाहीत. येशूने दीपगृह सांगितलं नाही, त्याने पीठ आणि खमीर सांगितलं, हरवलेलं नाणं आणि हातात केरसुणी सांगितली.

एकच वचन धरून राहण्याची शिस्तही आपल्याला परदेशातून आणायला नको. साउथ तुकोगंजातल्या नाथ मंदिरात लहानपणी शेजारच्या आजोबांबरोबर मी कीर्तनाला जात असे. बुवा पूर्वरंगात एक अभंग घ्यायचे, त्याच्या चरणांची फोड करायचे, उत्तररंगात एखादं आख्यान लावायचे, आणि आख्यान कितीही रंगलं तरी शेवटी मूळ अभंगावर येऊन ठेपायचे. श्रोत्याला माहीत असायचं की बुवा कुठे चालले आहेत आणि परत कुठे येणार आहेत. आमच्या उपदेशांत आख्यानं पुष्कळ असतात, परतण्याची वाट नसते. हे कीर्तन आपलं नव्हे असं म्हणणाऱ्यांना नारायण वामन टिळकांची आठवण करून द्यावी लागते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने भजन-कीर्तन आणि अभंग हीच आपल्या सेवेची भाषा केली. त्याच्याही आधी, १६१६ साली, गोव्यात राचोलला फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत छापली होती, ऐकणाऱ्यांना पुराण ऐकायची सवय आहे हे ओळखून. अर्थात पेटी-तबला आणून बसवला म्हणजे उपदेश सुधारतो असं कोणी समजू नये. तयारी नसलेलं कीर्तन तयारी नसलेल्या प्रवचनापेक्षा जास्त वेळ खातं.

भाषेचं दुखणं वेगळंच आहे. आमच्या इंदुरी मराठीत 'साक्ष'ऐवजी 'गवाही' येते, 'आशीर्वादा'च्या जागी 'आशीष', 'मंडळी'ला 'कलीसिया'. त्याने माझं काही बिघडत नाही, बोली अशाच घडतात. बिघडतं ते झिजलेल्या नाण्यांनी. 'प्रभूने माझ्या जीवनात महान कार्य केलं' हे वाक्य बोलणाऱ्यालाही दिसत नाही आणि ऐकणाऱ्यालाही दिसत नाही. कोणतं कार्य? कोणत्या वारी? पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं बायबलच्या भाषांतराला दिली ती साध्या बायकांना समजेल अशी मराठी शास्त्रात यावी म्हणून. संस्कृत कोळून प्यालेली बाई सोप्या शब्दांसाठी वर्षानुवर्षं झिजली, आणि आपण सोपे शब्द सोडून आता 'ब्रेकथ्रू' आणि 'ॲनॉइंटिंग' उच्चारतो. न समजणाऱ्या भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द बरे, हा हिशेब पौलाने करिंथकरांना केव्हाच घालून दिला होता.

बोलण्याच्या तऱ्हेबद्दल थोडंच सांगतो, कारण त्याला आपण फाजील महत्त्व देतो. आपली जुनी चर्चं माइकच्या आधीची आहेत. उंच छताखाली आवाज आपोआप चढतो. तिथे स्पीकर लावून ओरडलं की शब्दावर शब्द आदळतात आणि मागच्या बाकावर फक्त राग पोचतो. हळू बोलावं. मी पूर्ण उपदेश लिहून काढतो, मोठ्याने वाचतो, जिथे दम लागतो ते वाक्य मोडतो, आणि वर जाताना एकच पान नेतो. शेवटचं वाक्य मात्र तोंडपाठ, कारण थांबायचं कुठे ते माहीत नसलेला माणूस 'शेवटी' म्हणतच राहतो. आणि कृपा करून, "म्हणा हालेलुया! आवाज नाही आला!" हे बंद करावं. चौथ्या शतकात अंत्युखिया शहरात योहान क्रिसोस्तोम या धर्माचार्यांच्या उपदेशाला लोक टाळ्या वाजवत, तेव्हा ते श्रोत्यांना रागे भरत. टाळ्या नकोत, ऐकलेलं घरी जाऊन करा, असा त्यांचा हट्ट. आपण उलट स्वतःच टाळ्या मागून घेतो.

इथपर्यंत वाचून मंडळीतले लोक खुशीत असतील, की पाळकांना चांगलं सुनावलं. आता त्यांच्याकडे वळतो.

आमच्या पाळकसाहेबांचा एक आठवडा मी मोजला. दोन अंत्यविधी, एक साखरपुडा, बाप्तिस्म्याच्या दाखल्यांसाठी तीन चकरा, जमिनीच्या दाव्याची तारीख, कंपाउंडची भिंत कोणी बांधायची यावर कमिटीच्या दोन बैठका, एकाच्या मुलाच्या शाळाप्रवेशासाठी शिफारसपत्र, लाइट बिलातली चूक, आणि दोन भावांचं भांडण सोडवताना रात्रीचे साडेअकरा. उपदेशाला उरली शनिवारची रात्र. मग रविवारी ते म्हणाले की आत्मा सांगेल तसं बोलतो, तर त्यात खोटं काय होतं? दुसरं सांगायला कोणी वेळच ठेवला नव्हता. तेव्हापासून ते वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा येतो तो थोडा वेगळ्या कारणाने येतो.

यावर एक हुशार उत्तर मिळतं की लंडनचा प्रसिद्ध उपदेशक स्पर्जनसुद्धा रविवार सकाळचा उपदेश शनिवारी संध्याकाळीच तयार करायचा. खरं आहे. पण त्याच्या घरी बाराएक हजार पुस्तकं होती आणि आठवडाभर तो ती वाचत असे. शनिवारी तो फक्त वाढायला बसायचा, रांधणं आधीच झालेलं असायचं. आमच्या पाळकांच्या घरी पुस्तकांच्या कपाटात कमिटीच्या फायली आहेत.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात हाच पेच आहे. यरुशलेमेत विधवांच्या रोजच्या वाटणीवरून कुरकुर झाली. तक्रार खरी होती, काम महत्त्वाचं होतं. तरी बारा प्रेषितांनी ते अंगावर घेतलं नाही. वचनाची सेवा सोडून आम्ही पंक्तीची व्यवस्था पाहणं बरं नाही, असं म्हणून त्यांनी लोकांना सात माणसं निवडायला सांगितली. निवड लोकांनी केली, हे विसरू नये. आपण मात्र पाळकाला पंक्तीवर उभं करतो आणि रविवारी पोहे-जिलेबी खाताना म्हणतो की संदेशात काही दम नव्हता. ज्या मंडळीने पाळकाचे तास खाल्ले तिला त्याच्या उपदेशावर तोंड उघडायचा हक्क मी तरी देणार नाही.

मागच्या महिन्यात मी कमिटीपुढे एक ठराव ठेवला. गुरुवार आणि शुक्रवार सकाळी नऊ ते एक पाळकसाहेबांना कोणी फोन करू नये, अंत्यविधी सोडून. दाखले, बिलं आणि दाव्याच्या तारखा यांसाठी तीन माणसं नेमावी. पुस्तकांसाठी वर्षाला अंदाजपत्रकात काही रक्कम धरावी. आणि दर बुधवारी मंडळीतल्या कोणाही तिघांना, दर वेळी वेगळ्या, पाळकांनी पुढच्या रविवारचा उतारा वाचून दाखवावा आणि त्यांचं ऐकून घ्यावं. शेवटच्या कलमावर एक वडीलजन म्हणाले, "म्हणजे आता लोक पाळकाला शिकवणार?" मी आत्याची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, आत्यांची गोष्ट वेगळी.

पुस्तकांची रक्कम मंजूर झाली, मागितल्याच्या निम्मी. बाकीचा ठराव पुढच्या बैठकीवर गेला आहे. त्या बैठकीत पहिला विषय कंपाउंडच्या भिंतीचा आहे, आणि ती गुरुवारी सकाळी दहाला ठेवली आहे.